एक प्लग सोडून

४ ऑगस्ट

खुडबुडे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन बिघडलाय म्हणून लिहितेय. माझं अक्षर चिखलातून कोंबडी गेल्यासारखं आहे, लावून लावून वाच.

काम असं आहे. तुझ्या बापाची पेटी परत खाली काढलीय. तीच, लाकडी गालांची, ट्रंकेसारखी जड. तू कीबोर्ड म्हणशील. मी पेटीच म्हणणार, या वयात नव्या शब्दांना माझ्या तोंडात जागा नाही. तू गेल्यापासून कपाटावर चादर पांघरून पडली होती. महिन्यापूर्वी त्याने उतरवायला सांगितली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला बोलावलं, तो आणि मी मिळून उतरवली. शिंपी अजून कंबर धरून चालतो आणि मला बघितलं की जास्तच धरतो.

तर तुझा बाप वाजवायला बसतो. बसतो म्हणजे दोन मिनिटं. पेटीतून आवाज येतो. गाण्याचा नव्हे, दुसराच. सलग गुंगुं, पातेल्याखाली माशी अडकल्यासारखा. मधेच टक्. परत गुंगुं. तो ऐकतो, बटण बंद करतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. मग जेवण नको, चहा नको, खिडकी उघडू नको. थोडं वाजवलं त्या दिवशी मात्र दोन घास जास्त जातात. मला गाण्यातलं कळत नाही, घासातलं कळतं. म्हणून हा आवाज मला घालवायचाय, आणि लवकर घालवायचाय.

इथल्या दुरुस्तीवाल्याला घरी आणलं. त्याने पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाला, आजी, ही भंगारात द्या. मी म्हटलं, मग हातगाडी आण, मलाही बसव, मी हिच्याहून जुनी आहे. तो चहा न पिता गेला.

तू काम करतेस ते दुकान असल्याच म्हाताऱ्या वाद्यांचं. तुला विचारतेय हे त्याला ठाऊक नाही. नऊ वर्षांपूर्वी तुमचं दोघांचं जे झालं ते चुलीत घाला, मला त्यात ओढू नका. मला फक्त कुठलं बटण पिळायचं ते कळव.

आजी

•

११ ऑगस्ट

प्रिय आजी,

फोन बिघडलेला नाही. मी तीनदा लावला. रिंग जाते, तू उचलत नाहीस.

बाबा पुन्हा वाजवतायत हे वाचलं आणि मी एका गिऱ्हाइकाच्या ऑर्गनचे स्क्रू भलत्याच डबीत टाकले. अर्धा दिवस ते निवडण्यात गेला.

आता नीट वाच. कुठलंही बटण पिळण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधायचं असतं. पेटी चालू कर. डावीकडचं मोठं बटण आवाजाचं. ते हळूहळू शून्यावर ने. गुंगुं कमी होतं का, की तसंच राहतं, ते बघ. मग कानावर लावायची ती जुनी जोडी पेटीच्या मागच्या भोकात घाल आणि त्यातही ऐकू येतं का बघ. मग सगळी बटणं एकेक करून दोन्ही बाजूंना वीसपंचवीस वेळा फिरव. आत धूळ असेल तर खरखर होते आणि फिरवून फिरवून कमी होते.

झाकण उघडू नकोस. ते उघडल्यावर काय होतं ते या घराने पाहिलंय. मी सतरा वर्षांची होते, मला वाटलं खरखर काढून बाबांना चकित करावं. त्यांना न विचारता उघडली, पुसली, लावली. त्याच संध्याकाळी लग्नाच्या हॉलमध्ये भर गाण्यात मधली एक पट्टी मुकी निघाली. बाबांनी त्यांच्या सगळ्या बँडसमोर सांगितलं, माझ्या वाद्याला पुन्हा हात लावलास तर हात तोडीन. मी हात घेऊन निघून आले.

ती पट्टी अजून मुकीच आहे का?

मी सांगतेय हे त्यांना कळू देऊ नकोस. माझं नाव ऐकलं तर वाजवणंच थांबवतील.

तुझी,
खुडबुडी

•

२० ऑगस्ट

खुडबुडे,

तो दुपारी झोपतो तेव्हा मी हे उद्योग केले. मोठं बटण शून्यावर नेलं. गाणं मेलं, गुंगुं जिवंत. कणभर कमी नाही. कानावरची जोडी आधी उलटी घातली, मग सुलटी. त्यातही तेच, वर टक् थेट मेंदूत. मग सगळी बटणं फिरवली. किती वेळा ते मोजलं नाही, मनगट सुजेपर्यंत. सगळ्यात उजवीकडचं बटण माझ्या हातात आलं. ते परत बसवलंय आणि वर पदराचा दोरा गुंडाळलाय. तुझ्या बापाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि बोलला नाही. हल्ली तो बोलणं जपून वापरतो.

पट्टी मुकीच आहे. तो तिच्यावरून असा जातो जशी माणसं जिन्याची तुटकी पायरी ओलांडतात. गाणंच असं वळवतो की ती वाटेत येत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल चालच तशी आहे.

फोनचं म्हणशील तर तो वाजतो तेव्हाच माझे हात नेमके पिठात असतात. आता पुढे काय करायचं ते सांग. परवा त्याने चार मिनिटं वाजवलं आणि अख्खी वाटी संपवली. काल गुंगुं जास्त होतं, वाटीला शिवलाही नाही.

आजी

•

२८ ऑगस्ट

प्रिय आजी,

तू छान तपासलंस. आमच्या दुकानातला नवा कारागीर एवढं नीट सांगत नाही.

शून्यावरही आवाज राहतो म्हणजे तो पट्ट्यांमधला नाही. विजेच्या वायरमधून आत येतोय. घरातली दुसरी कुठली तरी वस्तू विजेत घाण सोडते आणि पेटी ती पिऊन आपल्या तोंडाने बोलते. जुन्या पेट्या फार भोळ्या असतात, जे कानावर येईल ते बोलून दाखवतात.

म्हणून असं कर. पेटी चालू ठेव, आवाज शून्यावर. मग घरातली एकेक वस्तू बंद कर आणि प्रत्येक वेळी पेटीच्या स्पीकरच्या जाळीला कान लाव. पंखा, ट्यूब, फ्रीज, पाण्याची मोटर, सगळं. नुसतं बटण बंद करू नकोस, प्लगच काढ. ज्या प्लगला आवाज थांबेल तो चोर.

आणि तो टक् नेमाने येतो की मनाला येईल तेव्हा, ते लिही.

बाबा दुपारी झोपतात? बाबा कधीपासून दुपारी झोपायला लागले? कामावर जात नाहीत का?

तुझी,
खुडबुडी

•

७ सप्टेंबर

खुडबुडे,

तुझ्या नादाने घरात अंधार करून बसले. पंखा काढला, तसंच. ट्यूब काढली, गुंगुं थोडं पातळ झालं, पण गेलं नाही. फ्रीज काढला आणि परत लावायचा विसरले, सकाळी दूध नासलं. मोटर काढली. मग वाटलं चोर शेजारी असेल, म्हणून शिंप्याकडे जाऊन त्याची शिलाईची मोटर बंद करायला लावली. त्याची बायको म्हणाली, तुमच्या पेटीपायी आमचं पोट बंद करू का? मी म्हटलं, तुझं पोट चार दिवस बंद राहिलं तर दारातून सरळ जाशील. आता आमचं बोलणं बंद आहे.

सगळं बंद केलं, एक सोडून. एक प्लग आहे तो काढता येत नाही, त्याचा तू विचार करू नकोस.

टक् नेमाने येतो. आधी फुस्स, मग टक्. मग दोन श्वास जातील एवढा वेळ नुसतं गुंगुं, की परत फुस्स, टक्.

दुपारी झोपतो कारण वय झालं. तू गेलीस तेव्हा होता तसाच राहावा म्हणून काय बरणीत भरून, झाकण लावून गेली होतीस?

तुझा मागचा लिफाफा त्याने पाहिला. कुणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं विजेचं बिल. सांभाळून लिही.

आजी

•

१२ सप्टेंबर

आजी,

तो प्लग कसला आहे?

मागच्या वर्षी मी एका म्हाताऱ्या गाण्याच्या मास्तरांकडे ऑर्गन दुरुस्त करायला गेले होते. ऑर्गनमधून असाच आवाज यायचा. फुस्स, टक्, दोन श्वास, फुस्स, टक्. ऑर्गनमध्ये काहीच बिघाड नव्हता. मास्तरांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन होतं.

बाबांना ते लागलंय का? हो की नाही, एवढंच लिही.

खुडबुडी

•

१७ सप्टेंबर

खुडबुडे,

हो.

फुप्फुसं वाळत चाललीत म्हणतात, भोपळा आतून वाळतो तशी. त्यावर औषध नाही, नुसतं वेळ काढणं आहे. हिवाळ्यापासून नाकाला नळी आहे. मशीन बॅगेएवढं आहे, चार चाकांचं. त्याच्या खाटेशी उभं असतं आणि दिवसरात्र फुसफुसतं. पेटीही त्याच बोर्डावर लावलीय, कारण नळी जेवढी लांब तेवढंच त्याचं घर. मला हे दोन आवाज एकच वाटले नाहीत. मशीन फुसफुसतं ते मशीनचं आणि पेटी कुरकुरते ते पेटीचं, असं धरून चालले. मूर्खपणा म्हण हवं तर.

त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता की तुला सांगायचं नाही. म्हणाला, कीव करत आली तर मला नको. मी शब्द पाळला. मी काही बोलले नाही, चुगली पेटीने केली.

फोन म्हणूनच उचलत नव्हते. फोन त्याच खोलीत आहे. तुझे कान तुझ्या बापावर गेलेत, माझं हॅलो व्हायच्या आत तू ओळखलं असतंस.

ये असं मी लिहिणार नाही, ते शब्दात बसत नाही. येऊ नकोस असंही लिहीत नाही. डॉक्टर त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. यावरून काय ते समज आणि येणार असशील तर हत्यारं घेऊन ये. रिकाम्या हाताने आलीस तर दोघं एकमेकांकडे बघत बसाल आणि मला दोघांना जेवू घालावं लागेल.

आजी

•

९ ऑक्टोबर

प्रिय आजी,

तुझ्याकडून परत पोचले. दुकानात कामं साचली होती, आज लिहायला बसले.

तू स्वयंपाकघरात होतीस म्हणून तुला सगळं दिसलं नसेल. मी दारात उभी राहिले तर बाबा म्हणाले, "ब्रश आणलायस का मऊ?" एवढंच. मी म्हटलं आणलाय. मग त्यांनी खाटेवर पेपर पसरला. मी झाकण उघडलं, त्यांनी बॅटरी धरली. नऊ वर्षांपूर्वी मी ज्यासाठी शिव्या खाल्ल्या ते सगळं त्यांनी मला करू दिलं. उजेड हलत होता. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही, वर बघितलं तर कोपर गुडघ्यावर टेकवून बॅटरी सावरत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी स्क्रू बशीत ठेवले, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, गोल. मला लहानपणी त्यांनीच तसं शिकवलं होतं.

मी आतली वायर बदलली, विजेतली घाण अडवायला तिच्यावर तारेची जाळी चढवली. मशीनचा प्लग लांब वायर टाकून तुझ्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर नेला. गुंगुं जवळपास गेलं. टक् अगदी बारीक राहिला. तो पूर्ण जायचा तर मशीन बंद करावं लागेल. हे मी बोलून गेले आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ ब्रश शोधत होतो. ब्रश माझ्या हातातच होता.

मुकी पट्टी वाजते आता. खालचं रबर मी त्या वेळी उलटं बसवलं होतं. बास, एवढीच चूक. सुलटं करायला दोन मिनिटं लागली.

मला त्यांना विचारायचं होतं की अजून राग आहे का. स्क्रू लावण्यात राहून गेलं. निघताना दाराशी थांबले तर म्हणाले, "पाना राहिला नाही ना?"

पुढच्या महिन्याच्या शेवटी मोठी रजा घेऊन येते. तोवर बाबा वाजवोत न वाजवोत, तू रोज सगळ्या पट्ट्या एकदा दाबत जा. जुनं रबर आहे, नाहीतर चिकटतं.

वाजवतात का ते लिही.

तुझी,
खुडबुडी

•

१८ ऑक्टोबर

खुडबुडे,

वाजवतो. काल चांगलं अर्धा तास. टक् ऐकू आला की मान हलवतो, जसा काही तबल्यावर कुणी बसलाय. खातो. खातो म्हणजे चिमणीएवढं, पण मागून खातो.

तुझी पट्टी वाजते खरी, पण त्याचं बोट अजून तिच्यावरून उडीच मारतं. मी म्हटलं, अरे वाजते ना आता ती, मग लाव की हात. तर म्हणतो, आई, बोटाला सवय झालीय.

स्वयंपाकघरात तुझ्या वायरीत पाय अडकून मी एकदा पडता पडता राहिले. रजा पुढच्या महिन्याच्या शेवटी म्हणालीस. सुरुवातीला मिळते का बघ. मालकाशी भांड. भांडता येत नसेल तर मला पत्ता पाठव.

आजी

•

४ डिसेंबर

खुडबुडे,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, पण घरात माणसं होती. सगळी मला पाणी पाजत होती आणि तुला झोप म्हणत होती. बोलणं झालं नाही, म्हणून लिहितेय.

रजा एका आठवड्याने हुकली म्हणून स्वतःला खात बसू नकोस. सकाळी पेटी लाव म्हणाला, मी लावून चहा टाकायला गेले. चहा घेऊन आले तर पेटी चालू, मशीन चालू, तो नव्हता. तू शेजारी असतीस तर तुलाही चहाच टाकायला पाठवलं असतं त्याने.

मशीनवाले काल मशीन घेऊन गेले. जमिनीवर चार चाकांचे डाग राहिलेत, घासून निघत नाहीत. ते गेल्यावर मी पेटी लावली. तुझ्या कामातला एकच प्लग काढायचा राहिला होता, तो निघाला होता. बटण शून्यावर नेलं, जाळीला कान लावला. गुंगुं नाही. टक् नाही. चोर बरोबर सापडला होता तुला. शाबास.

आता एक सांगायचंय. गोड करून सांगत नाही, झालं तसं सांगते. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाला, "आई, तो आवाज मशीनचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मेल्या, मी पेटीला कान लावून लावून बहिरी व्हायची वेळ आली. दूध नासवलं, शिंपिणीशी वैर घेतलं, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास? बोलला का नाहीस?"

तो हसला. हसला की खोकायचा, म्हणून मी हसू देत नसे. खोकला थांबल्यावर म्हणाला, "बोललो असतो तर तू तिला पत्र कशाला घातलं असतंस?"

म्हटलं, "तुला पत्रांचं ठाऊक होतं?"

"विजेच्या बिलावर कुणी हाताने पत्ता लिहितं का गं? आणि तिचा 'र' मी शिकवलाय."

"मग सरळ बोलवायचं होतंस. मला कशाला शब्दात बांधलंस?"

त्याने नाकाची नळी नीट बसवली. मग म्हणाला, "हात तोडीन म्हणालो होतो तिला. त्याच तोंडाने ये कसं म्हणू? तिच्या हाताला काम निघालं तर ती आपणहून येईल, असं वाटलं. आवाज ऐकल्यावर ती सोडत नाही."

तुला विचारायचं राहून गेलं म्हणालीस ना, त्याचं उत्तर हे एवढंच आहे. मी पातेलं घासायला गेले.

पट्ट्या मी रोज दाबते, तू सांगितलंस तशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीच्या सगळ्यांचा आवाज झिजलाय, त्याच्या बोटांनी. ती एक तेवढी कोरी करकरीत आहे. ती आली की मी दचकते, कारण ती इतरांपेक्षा मोठ्याने वाजते. तिच्यावरून उडी मारायला मला येत नाही.

पेटी तुझी आहे. शिंपी म्हणतो आता मी उचलणार नाही, तेव्हा न्यायला माणूस तूच आण. घाई नाही.

आणि इथून पुढे पत्र लिहीत बसू नकोस. फोन लाव. मी उचलेन. आता मागे काही ऐकू येणार नाही.

आजी